कराची ते जुहू : सव्वासात तास

एक छोटा प्रयोग करून बघा. फोनवर तिकिटांचं कुठलंही ॲप उघडा. 'कुठून' या चौकटीत कराची टाका आणि 'कुठे' या चौकटीत मुंबई. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर आहे साधारण ८७५ किलोमीटर. मुंबई ते दिल्ली हे अंतर ११४० किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे हवाई मार्गाने कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ आहे! आजच्या जेट विमानाला हे अंतर कापायला, धावपट्टीवरची ये-जा धरून, दीडेक तास पुरेल.

पण ॲपवर दीड तासाचं तिकीट दिसणार नाही. कारण या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. दुबईसारख्या तिसऱ्याच शहरात उतरायचं, तिथे दोन-चार तास ताटकळायचं, मग दुसरं विमान पकडून परत यायचं. दुबईमार्गे गेलं तर ८७५ किलोमीटरच्या प्रवासाला ३१०० किलोमीटर होतात. सगळं नीट जुळून आलं तरी सात-आठ तास जातात, नाहीतर त्याहूनही जास्त.

आता गंमत बघा. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण एका इंजिनाच्या छोट्याशा विमानातून कराचीहून निघाला आणि सव्वासात तासांत मुंबईत, जुहूला उतरला. मध्ये अहमदाबादला थांबून, पेट्रोल भरून. त्याच्याकडे रेडिओ नव्हता, जीपीएसचा तर प्रश्नच नव्हता. तरी त्याला लागलेला वेळ आणि आज आपल्याला लागणारा वेळ जवळपास सारखाच!

त्या तरुणाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सगळे त्यांना जेआरडी म्हणतात. उद्योगपती, भारतरत्न, टाटा समूहाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतेच. पण त्यांच्या आयुष्याकडे दोन विमानतळांमधला वेळ कमी करायला धडपडणारा माणूस म्हणूनही बघता येतं. ती गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि शेवटी थोडा चटका लावणारीही.

समुद्रकिनाऱ्यावरचा मुलगा

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेदजींचे नात्यातले आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान फ्रेंच. घरात बोलणं फ्रेंचमध्ये. लहानपण कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, काही काळ जपानमधल्या योकोहामात गेलं. शाळा सतत बदलत राहिल्या.

उत्तर फ्रान्समध्ये आर्देलो नावाचं समुद्रकिनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे टाटा कुटुंब सुट्टीला जायचं. लुई ब्लेरियोचंही घर त्याच भागात होतं. ब्लेरियो म्हणजे १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. फ्रान्सचा किनारा ते इंग्लंडचा किनारा, जेमतेम ३५-४० किलोमीटर. त्याला लागली सुमारे ३७ मिनिटं. आज ऐकताना त्यात काय विशेष असं वाटेल, पण त्या ३७ मिनिटांनी सगळ्या युरोपला वेड लावलं होतं. आर्देलोच्या वाळूवर विमानं उतरायची आणि हा पोरगा ती बघत उभा राहायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि मनात पक्कं बसलं, आपल्याला हेच करायचंय.

पण व्हायचं ते लगेच होत नाही. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. जेआरडींना केंब्रिजला इंजिनीअरिंग शिकायचं होतं. त्याआधी फ्रेंच नागरिक म्हणून सैन्यात वर्षभर सक्तीची नोकरी करावी लागली. ती संपली तेव्हा वडिलांनी निरोप धाडला : पुढचं शिक्षण राहू दे, मुंबईला ये, कामाला लाग. १९२५ च्या अखेरीस ते बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कंपनीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांच्या मुलावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आली आणि टाटा सन्सच्या संचालक मंडळात वडिलांची खुर्चीही.

कॉलेजची पदवी नाही, याची खंत जेआरडींना आयुष्यभर राहिली. ती भरून काढायला ते रात्र-रात्र पुस्तकं वाचायचे. इंजिनीअर न झालेल्या या माणसाने पुढे इंजिनीअर लोकांना घाम फोडतील असे बारीकसारीक प्रश्न विचारले, ते त्या वाचनाच्या जोरावर.

लायसन्स नंबर एक

१९२८ मध्ये मुंबईत जुहूला विमानं उतरू लागली. देशातला पहिला नागरी विमानतळ तो हाच. विमानतळ म्हणजे काय, तर समुद्राजवळची एक सपाट जागा. तिथे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी तिथे जाऊन धडकले. शिक्षकाबरोबर अवघे साडेतीन तास उडाल्यावर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. हे सगळं जमलं कारण खिशात पैसे होते. त्या काळात विमान शिकणं म्हणजे संस्थानिकांच्या आणि शेठलोकांच्या मुलांचं काम. पण पैसेवाली मुलं बरीच होती. लायसन्स घेऊन त्यातली बहुतेक हौस फिटेपर्यंत उडाली. जेआरडी हौसेवर थांबले नाहीत, फरक पडला तो तिथे.

त्याच सुमारास आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. दोन्हीपैकी कुठूनही निघा. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले. समोरून, लंडनहून कराचीकडे, अस्पी इंजिनीअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. दोघे एकमेकांना भेटले ते इजिप्तमध्ये, अबुकीरच्या विमानतळावर. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाला लागणारे स्पार्क प्लग मिळत नव्हते. जेआरडींकडे जास्तीचे प्लग होते. त्यांनी ते प्रतिस्पर्ध्याला काढून दिले.

अस्पी कराचीला पोचला. जेआरडी लंडनला पोचले, पण काही तास उशिरा. बक्षीस अस्पीला मिळालं. हा अस्पी इंजिनीअर पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ते प्लग दिले नसते तर? हा प्रश्न जेआरडींना लोकांनी पुढे खूप विचारला असणार. त्यांना मात्र हरल्याचं दुःख कधी झालं नाही, उलट या आठवणीने ते खूशच व्हायचे.

नकाशातली एक फट

या शर्यतीच्या वेळी कराची हे नाव सारखं का येतं? कारण तेव्हा हिंदुस्थानचं हवाई दार कराचीत होतं. १९२९ पासून ब्रिटिशांची इम्पीरियल एअरवेज लंडनहून टपाल घेऊन यायची, आठवडाभरात कराचीला पोचायची. आणि तिथून पुढे? पुढे रेल्वे. लंडन ते कराची हजारो किलोमीटर आकाशातून आलेलं पत्र सिंध, मारवाड, गुजरात असा वळसा घेत डब्यातून मुंबईला आणि मग मद्रासला जायचं. विमानाने वाचवलेला वेळ रेल्वेत जायचा.

ही फट नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या माणसाच्या लक्षात आली. व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक. विमानाच्या कसरती दाखवत, लोकांना फेऱ्या मारून देत तो हिंदुस्थानात फिरत होता. त्याने टाटांपुढे योजना मांडली : कराचीहून अहमदाबाद, मुंबई आणि बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यायचं. जेआरडींनी ती उचलून धरली. समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा आधी तयार नव्हते. शेवटी दोन लाख रुपयांच्या भांडवलाला त्यांनी होकार दिला.

मग सुरू झाली सरकारदरबारची फाइल. टाटांनी आधी थोडी मदत मागितली, सरकार नाही म्हणालं. टाटांनी पुन्हा नवा प्रस्ताव दिला, मदत नको, फक्त नेलेल्या टपालाचे पैसे द्या. तरी जवळपास तीन वर्षं गेली. करार झाला २४ एप्रिल १९३२ ला. कराची ते मुंबई हा प्रवास सात तासांचा, पण त्याची परवानगी यायला तीन वर्षं! कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडसाठी खेटे घालणाऱ्यांना हे वाचून जरा बरं वाटेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३२ मध्ये कराची परदेशात नव्हती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तो वेगळा प्रांत झाला १९३६ मध्ये. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरं एकाच इलाख्यातली. टाटांचं पहिलं विमान परदेशात तर सोडाच, दुसऱ्या प्रांतातसुद्धा उतरणार नव्हतं.

तो दिवस

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीचा ड्रिग रोड विमानतळ. सकाळचे सहा वाजून पस्तीस मिनिटं. डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ जातीचं विमान. एक इंजिन, वर पंख, खाली तीन माणसं बसतील एवढी बंद केबिन. आत टपालाची थैली, वजन ५५ पौंड, म्हणजे २५ किलो. आजच्या भाषेत एका प्रवाशाचं चेक-इन लगेज. जेआरडींकडे गॉगल आणि हिशेबासाठी स्लाइड रूल. कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनीअर लोक गुणाकार-भागाकारासाठी जी सरकती पट्टी वापरायचे ती.

या पट्टीचं काम काय, ते समजून घेऊ. कराची ते अहमदाबाद हवाई अंतर सुमारे ५९० किलोमीटर. अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४५. एकूण १०३५. विमानाचा वेग ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. भागाकार केला तर साधारण साडेसहा तास. पण हा भागाकार शांत हवेतला. विमान हवेत उडतं आणि हवा स्वतःही सरकत असते. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो १३० आणि तोच प्रवास आठ तासांचा होतो. तेवढाच वारा पाठीमागून असेल तर वेग १९० होतो आणि साडेपाच तासांच्या आत पोचता येतं. हळू विमानाला वारा फार नडतो. म्हणून वैमानिक खाली दिसणारी एखादी नदी, रेल्वेचा फाटा, गाव यांच्यावरून घड्याळ लावत जायचा आणि उरलेला वेळ पुन्हा पुन्हा काढायचा. चूक झाली तर पेट्रोल संपणार. खाली कच्छचं रण. रेडिओ नाही, त्यामुळे कुणाला कळवायची सोय नाही.

अहमदाबादला विमान उतरलं. पेट्रोल हजर होतं, पण ते आलं होतं बैलगाडीतून. बर्मा शेल कंपनीने चार-चार गॅलनचे डबे गाडीत भरून आणले होते. डबे रिकामे झाले, विमान पुन्हा उडालं आणि दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूला उतरलं. एकूण वेळ सव्वासात तास. उडण्याचे साडेसहा धरले तर पाऊण तास उरतो. त्यात अहमदाबादचा थांबा, बैलगाडी आणि त्या दिवशीचा वारा, सगळं आलं.

जुहूहून मद्रासकडचं टपाल घेऊन पस मॉथ निघालं. ते चालवत होता व्हिन्सेंट. भारतीय विमान कंपनीचा पहिला दिवस तो हाच.

जुहूचा चिखल, येरवड्याचं मैदान

कंपनी म्हणजे केवढी, तर दोन जुनी विमानं, जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, जेआरडी, व्हिन्सेंट आणि मोजून काही वैमानिक-मेकॅनिक. पाऊस लागला की जुहूच्या जमिनीत पाणी साचायचं. मग अख्खी कंपनी, विमानं आणि माणसांसकट, पुण्याला हलायची. येरवड्याजवळच्या मैदानावरून टपाल सुटायचं. पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या ढगांतून एका इंजिनाचं विमान काढायचं, तेही वेळेवर. घाटात गाडी धुक्यात अडकलेल्या कुणालाही याची कल्पना येईल.

तरी ते वेळेवर गेले. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, कंपनीची विमानं सुमारे एक लाख साठ हजार मैल उडाली. पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल आणि १५५ प्रवासी नेले. नफा झाला साठ हजार रुपये. वक्तशीरपणाची दखल सरकारी अहवालानेही घेतली.

जेआरडींनी इथे जे ओळखलं ते आजही खरं आहे. विमान जोरात पळवून वाचतात ती मिनिटं. पण डबे तयार ठेवले, थैल्या आधीच बांधल्या, मेकॅनिक पहाटे हजर राहिला, तर वाचतात ते तास. तुमच्या तिकिटावर मुंबई-दिल्ली सव्वादोन तास लिहिलेलं असतं. त्यातला हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आसपास असतो. उरलेला वेळ विमान गेटवरून मागे घेणं, धावपट्टीच्या रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेट गाठणं यात जातो. आणि तुम्ही घरातून निघाल्यापासून मोजलं तर आकाश हा प्रवासाचा छोटासा भाग. जेआरडींचं लक्ष सगळं या उरलेल्या भागावर असायचं. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष झाल्यावरही ते काउंटरवरची धूळ, चहाची चव, पडद्याचा रंग, सगळ्यावर चिठ्ठ्या लिहायचे. कर्मचारी त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यावर जीवही टाकायचे.

मुंबई ते लंडन

मार्ग वाढत गेले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा आणि कण्णूरमार्गे त्रिवेंद्रम. १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी सगळ्या टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. लोखंड, वीज, रसायनं, सगळं त्यांच्या अंगावर आलं. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत विमानाने इंग्लंडला जाताना व्हिन्सेंट गेला. ज्याने ती फट दाखवली, त्याला पुढचं काही बघता आलं नाही.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. अठरा वर्षांपूर्वी याच दिशेने एकट्याने गेलेले जेआरडी आता स्वतः या विमानात होते. ते वेळेवर उतरतंय की नाही, याची धाकधूक त्यांना शेवटपर्यंत होती. ते वेळेवर उतरलं.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आलं. दोन वर्षांत एअर इंडियाचा ताफा सगळा जेट विमानांचा झाला. पस मॉथच्या पाचपट वेग! आता लंडनला एका दिवसात पोचता येऊ लागलं.

जवळ असून दूर

याच काळात एक अंतर मात्र वाढत गेलं. १९४७ मध्ये फाळणी झाली. कराची दुसऱ्या देशात गेली. टाटांच्या विमानाने जोडलेली पहिली दोन शहरं सीमेच्या दोन बाजूंना आली. लंडन मुंबईच्या जवळ येत होतं आणि कराची दूर जात होती. नकाशावरचा एक किलोमीटरही हलला नव्हता. मध्ये पासपोर्ट आला, व्हिसा आला, युद्धं आली.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते पटलं नव्हतं, ज्या पद्धतीने झालं ते तर अजिबात नाही. तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं आणि पाव शतक, पगार न घेता, सरकारी एअर इंडिया चालवली. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून काढलं. त्यांना ते आधी सरकारकडून कळलंसुद्धा नाही, नव्या अध्यक्षांच्या तोंडून कळलं. जी कंपनी एका थैलीपासून उभी केली, तिथून असं बाहेर पडावं लागलं. वय होतं ७३.

एखादा माणूस घरी बसला असता. जेआरडींनी काय केलं, ते बघा.

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी लेपर्ड मॉथ नावाचं जुनं विमान तयार करून घेतलं. पस मॉथचाच पुढचा भाऊ, एकच इंजिन. आणि ते कराचीहून मुंबईला एकटे उडत आले. १९६२ मध्ये, तीस वर्षं झाली तेव्हाही, त्यांनी हा प्रवास असाच केला होता. आता पुन्हा. तोच मार्ग, जुहूचीच धावपट्टी. देशात सगळीकडे मरगळ आलीय असं त्यांना वाटत होतं. निदान तरुणांना आपल्या काळातल्या त्या धडपडीची थोडी ऊब मिळावी, हा त्यांचा हेतू होता.

विमान तसंच, माणूस तोच. फक्त १९३२ मध्ये ते एकाच इलाख्यातल्या दोन शहरांमधून उडाले होते. १९८२ मध्ये दोन देशांमधून. त्या दोन देशांमध्ये तोवर युद्धं होऊन गेली होती. तरीसुद्धा कराचीने त्यांना उडू दिलं आणि मुंबईने उतरून घेतलं. दोन्हीकडच्या लोकांनी ठरवलं, म्हणून हा प्रवास सरळ रेषेत झाला.

पुन्हा ॲपवर

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले. पॅरिसमध्ये जन्मलेल्या या माणसाचं दफनही पॅरिसमध्येच झालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. जुहूच्या धावपट्टीवरून आता मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. बाजूने रिक्षाने जाताना कुंपणापलीकडे एक जुना विमानतळ दिसतो, तो हाच. कधी गेलात तर जरा थांबून बघा.

आणि ॲपवरचं ते तिकीट? मध्यंतरी बरीच वर्षं कराची-मुंबई थेट विमान होतं, कधी सुरू, कधी बंद. मग तेही थांबलं. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं. त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांनाही वळसा पडू लागला. वेळ वाढला, इंधन वाढलं. अंतर मोजताना आपण नकाशावर पट्टी ठेवतो. विमान कंपनीला मात्र आधी विचारावं लागतं, कुठल्या आकाशातून जायची परवानगी आहे.

यामागे कारणं आहेत, ती गंभीर आहेत आणि एका लेखात सुटणारी नाहीत. सीमेवर माणसं मेली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण हिशेब तरी माहीत असावा. विमानाचा वेग पाचपट झाला. बैलगाडीच्या जागी टँकर आला. स्लाइड रूलच्या जागी उपग्रह आले. हे सगळं माणसाने कमावलं. आणि एवढं कमावूनही कराची ते मुंबई हा प्रवास १९३२ पेक्षा लवकर होत नाही.

जेआरडींच्या वेळी जो वेळ कमी करायचा होता, तो इंजिनाने, शिस्तीने आणि पहाटे हजर राहणाऱ्या मेकॅनिकने कमी झाला. आज उरलेला वेळ तसा कमी होणार नाही. तो कमी करायचं काम इंजिनीअरचं नाही. ते कुणाचं आहे, याचा विचार तुमच्या पिढीला करावा लागेल. परराष्ट्र धोरण शिकणारी, पत्रकार होणारी, निवडणुकीत पहिल्यांदा मत देणारी मुलं-मुली हे वाचत असतील, त्यांनी तर नक्कीच.

तोवर एवढं लक्षात ठेवा. ८७५ किलोमीटर. दिल्लीपेक्षा जवळ.